हिसका न देणारा माणूस

साहेबांबरोबर मी शेवटचं साधं काम केलं ते शनिवारी दुपारी. एक सळई ओढून तोडली.

आमचं कामच ते होतं. सातपूरला एका कारखान्यात लोखंड तपासायची खोली होती. तिथे ते साहेब आणि मी हेल्पर. मशीनच्या दोन जबड्यांत सळईची दोन टोकं धरायची, तेलाचा दाब सोडायचा, की मशीन तिला सावकाश ओढत बसतं. आधी काहीच होत नाही. मग सळई लांबायला लागते, डोळ्यांना दिसेल अशी. मग मधेच एका जागी बारीक होते. साहेब म्हणायचे, "कंबर आली." त्यानंतर खोलीत कोणी बोलायचं नाही. फट्ट असा आवाज होतो आणि संपलं.

त्या शनिवारीही तसंच झालं. साहेबांनी तुटका तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "बघा पाटील, गरम आहे." चांगलं लोखंड ओढून ओढून तुटलं की तुटल्या जागी गरम होतं. हे ते मला दर वेळी सांगायचे आणि मी दर वेळी हो म्हणायचो. मग आम्ही पायरीवर बसून चहा प्यालो. मी म्हणालो, उद्या भोगी आहे, घरी जेवायला या. ते म्हणाले, येतो. एवढंच झालं. सोमवारी त्यांची नोकरी गेली.

माझं आडनाव पाटील नाही. आम्ही मखमलाबादकडचे, भाजीपाला लावणारे. माझ्या वाट्याला जमीन फार आली नाही म्हणून मी कारखान्यात गेलो. पण साहेब सगळ्यांनाच पाटील म्हणायचे. शिपायाला पाटील, चहावाल्याला पाटील. म्हणायचे, "माणसांची नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत, लोखंडाचे नंबर राहतात." आम्हीही मग त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. इथेही तसंच लिहितो.

मी सातवी नापास. लिहायचं काही अडलं नव्हतं. पण बायको गेल्यापासून मी भिंतीकडे बघत बसतो, म्हणून मुलगी म्हणाली, काहीतरी लिहा, आईबद्दल लिहा. आईबद्दल लिहायला बसलो तर हात चालेना. साहेबांबद्दल चालतो. त्यात ती येईलच, कारण ती मधे पडली नसती तर ही गोष्ट झालीच नसती.

साहेबांचं सगळं सावकाश. दार सावकाश उघडायचं. ड्रॉवर कोणी खस्सकन ओढला की ते जागेवरून ओरडायचे, "काय घाई आहे?" बसमध्ये ड्रायव्हरने ब्रेक लावायच्या आधीच त्यांनी दांडी धरलेली असायची. इंदिरानगरला एकटेच राहायचे. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं कोणीतरी विचारलं, तर म्हणाले, "विचार चालू आहे." तेव्हा पन्नाशी उलटली होती.

आमच्या खोलीच्या मागे त्यांनी एक सांगाडा उभा केला होता. दोन जुने गर्डर, वर कप्पी, कप्पीला लोखंडाचं मोठं वजन. सळई वरून टांगायची, तिच्या खालच्या टोकाला जाड चकती, आणि वरून वजन सोडायचं. वजन चकतीवर आपटलं की सळईला एकदम हिसका बसतो. मशीन जे काम चहा पिऊन होईपर्यंत करतं ते इथे पापणी लवायच्या आत. कारखान्यात सगळे त्याला साहेबांची फाशी म्हणायचे. वजन सोडायची दोरी माझ्या हातात असायची. मी दर वेळी डोळे मिटून सोडायचो. साहेब रागवायचे. "डोळे मिटून काय बघणार?" मी म्हणायचो, "साहेब, तुम्ही बघा, मी ऐकतो."

या फाशीसाठीच ते होते असं म्हटलं तरी चालेल. मला समजावून सांगायचे, मला समजतंय का ते न बघता. "लोखंडाला लांबायला वेळ लागतो, पाटील. सावकाश ओढलं तर ते पसरतं, जागा करतं, ओढ सगळीकडे वाटून घेतं. एकदम ओढलं तर त्याला वेळच मिळत नाही. मग ते ताठ होतं. ताकद जास्त दाखवतं, हे लक्षात ठेवा, आकडा वाढतो. लोक आकड्याला फसतात. चांगलं लोखंड ताठ होऊनसुद्धा लांबतं. वाईट असेल तर तसंच ताठ उभं राहून मोडतं. त्यात थंडी असली तर बघायलाच नको."

बायको मागच्या भाद्रपदात गेली. मेथी निवडत होती. निम्मी निवडून झाली होती. मी पेपर घेऊन आलो तोवर मान कलली होती. नंतर भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, बरं झालं, पडून राहिली नाही, हाल झाले नाहीत. मी त्यांना म्हणालो, हाल झाले नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं. त्या उठून गेल्या. मुलगी म्हणाली, बाबा असं बोलू नये. बोलू नये तर बोलू नये. साहेब असते तर त्यांना माझं बोलणं कळलं असतं.

आता हुकाचं सांगतो.

निफाडच्या बाजूला एका साखर कारखान्याला क्रेनचे हुक पाहिजे होते. ट्रॉलीतून ऊस उतरवायला. ट्रॉली भरताना उसाखाली साखळ्या टाकलेल्या असतात. वरून क्रेनचा हुक खाली येतो, माणूस उसावर चढून साखळ्यांच्या कड्या हुकात अडकवतो आणि बाजूला होतो, की सगळी मोळी वर उचलायची. ते हुक आमच्याकडे घडवले. दिवाळीच्या आधी घाई घाई चालली होती, भट्टीत माल जास्त तापला. हुकासोबत त्याच लोखंडाचा एक तुकडा तपासायला आमच्याकडे आला.

मशीनवर तो तुकडा छान लांबला. कंबर आली, फट्ट झाला, पास. शेठ, आमचे मालक, स्वतः उभे होते. म्हणाले, "झालं?" साहेब म्हणाले, "नाही झालं." दुसरा तुकडा घेऊन त्यांनी मला कुल्फीवाल्याकडे पिटाळलं, बर्फ आणि खडेमीठ आणायला. कुल्फीच्या पिंपात घालतात तसं बर्फ-मिठात तो तुकडा गाडून ठेवला. मग फाशीवर चढवला. मी दोरी सोडली. मशीनवर होतो तसा आवाज झाला नाही. काचेचा ग्लास फुटल्यासारखा झाला.

साहेबांनी तुकडा उचलला. कंबर नाही, लांबी नाही, काही नाही. तुटल्या जागी खडीसाखरेसारखं चमकत होतं. एक चांगल्या लोखंडाचा तुकडाही त्यांनी तसाच बर्फात ठेवला होता. तो फाशीवर चढवला. तो त्याच थंडीत, त्याच हिसक्याने, तुटला, पण आधी लांबला, आणि तुटल्या जागी राखेसारखा भुरा झाला. दोन्ही शेठजींच्या पुढे धरले.

"भट्टीत लोखंडाचा रवा, आतला कण, मोठा झालाय. हुक परत बेताने तापवायचे आणि हवेत निववायचे. रवा बारीक होईल. आठवड्याचं काम आहे."

"हंगाम सुरू झालाय," शेठ म्हणाले. "तिकडे ऊस टाकायची गव्हाण बंद ठेवून तुमचा रवा निवेपर्यंत थांबतील का ते? स्टँडर्डमध्ये काय लिहिलंय ते करा. स्टँडर्डमध्ये कुल्फी लिहिलीय का?"

सगळे हसले. साहेबही हसले. पण सही केली नाही. शेठनी दुसऱ्या कोणाची तरी सही घेतली आणि हुक गेले.

त्यानंतर साहेब बदलले. पेपर आला की पहिल्यांदा निफाडचा पारा बघायचे. हिवाळ्यात निफाड सगळ्यांत थंड, ते पेपरात रोज छापतात. पारा खाली गेला की दिवसभर तोंडात मिठाची गुळणी. लोक विचारायचे, "साहेब, निफाडला द्राक्षबाग घेतली का?" ते म्हणायचे, "नाही, पण माल आहे तिकडे." साखर कारखान्याला त्यांनी फोन केला. तिकडून उत्तर आलं, तुमच्या मालकांशी बोला. पुन्हा केला, तर तेच. मग गप्प झाले. मला वाटलं, विसरले.

भोगीच्या दिवशी ते जेवायला आले. बाजरीची भाकरी, तीळ लावलेली. भोगीची भाजी. दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर बायको दुसऱ्या दिवशीच्या तिळगुळासाठी गुळाचा पाक करायला बसली. साहेब हात धुवून तिथेच पाटावर बसले.

"वहिनी, थोडा पाक द्या."

"चाखायला?"

"नाही, तोडायला."

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, दे. साहेबांनी पाण्याचे हात करून पाकाचा गोळा घेतला, जरा निवू दिला आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढला. त्याची लांब तार झाली, सोन्यासारखी. मग गोळा परत केला आणि एकदम हिसका दिला. कट्टकन दोन तुकडे.

"तोच गूळ, तीच चूल," साहेब म्हणाले. "फरक फक्त घाईचा."

"साहेब, खायची वस्तू आहे ती," बायको म्हणाली. पण तिनेही एक गोळा घेऊन ओढून बघितला. मग हिसका देऊन बघितला. हसली. म्हणाली, "आमच्या आप्पाला दाखवते हे. तो रोज बघतो हिसके. क्रेनवाला हिसका देतो म्हणे, मोळी बसत नाही नाहीतर."

आप्पा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. गाव सोडून निफाडकडेच साखर कारखान्यावर हंगामी कामाला लागलेला.

साहेबांचे हात थांबले. "कुठल्या कारखान्यावर?"

तिने सांगितलं. आमचे हुक गेले तोच. मला तेव्हा कुठे लक्षात आलं. इतके दिवस आप्पा कारखान्यावर आहे एवढंच माहीत होतं. यार्डात ऊसच उतरवतो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"काय काम करतो?"

"साखळ्या अडकवतो. हुकात."

साहेबांनी पाकाचा गोळा ताटलीत ठेवला आणि हात पंच्याला पुसत बसले. पुसून झाले तरी पुसत होते. बायको काही येडी नव्हती. ती म्हणाली, "काय झालं?"

साहेबांना खोटं बोलता यायचं नाही. सगळं सांगितलं त्यांनी. हुक आमच्याकडचे, लोखंड बिघडलेलं, दुपारी काही होणार नाही, पण पहाटेच्या थंडीत हिसका दिला तर काय होईल सांगता येत नाही.

"तुम्हाला दिवाळीपासून माहिती आहे?"

"हो."

"आणि तुम्ही काय केलं?"

"सही केली नाही. फोन केला."

तिने चुलीवरचा पाक खाली उतरवला. सावकाश, सांडू न देता. मग म्हणाली, "साहेब, खरं सांगा. आज कळलं माझा भाऊ आहे म्हणून. दुसऱ्या कोणाचा असता तर तुम्ही बसून राहिला असतात?"

मी म्हणालो, "अगं, काय बोलतेस."

साहेब म्हणाले, "बोलू द्या. बसलोच होतो."

ती म्हणाली, "मग आता उठा."

सोमवारी, संक्रांतीच्या दिवशी, पहिल्या एसटीने आम्ही दोघं गेलो. मी खाडा टाकला. साहेबांनी रजा सांगितली नव्हती, आयुष्यात पहिल्यांदा. थंडी अशी की खिडकीची काच हाताला झोंबत होती.

यार्डात ट्रॅक्टर रांगेत, मधे बैलगाड्या. आप्पा एका ट्रॉलीवर उभा, डोक्याला मफलर. मला बघून म्हणाला, "दाजी, सणाचं काय काढलं?" मी म्हणालो, खाली ये जरा. तो म्हणाला, "आता नाय, रांग बघा की." आणि त्याने माझ्यादेखत कड्या हुकात घातल्या, बाजूच्या ट्रॉलीवर उडी मारली, क्रेनवाल्याने दोर सैल सोडला आणि एकदम वर ओढला. हिसका. साखळ्या खणाणल्या, मोळी आवळली गेली आणि वर गेली. आप्पा तिच्यापासून हातभर लांब. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते. आमच्या फाशीपाशी मला रागवणारा माणूस.

साहेब यार्डच्या मुकादमाकडे गेले. मुकादमाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हुक तुमच्या कंपनीचा. कागद तुमच्या कंपनीचा. पास हाय म्हणून कागदावर लिहिलंय. आता तुम्हीच म्हणता धोका हाय?"

"कागदावर माझी सही नाही."

"आमाला काय करायचं, कोणाची हाय ती?"

"निदान ऊन येईपर्यंत हिसका देऊ नका. सावकाश उचला. एवढंच."

वरून क्रेनवाला ओरडला, "सावकाश उचलाया वेळ कोनाला हाय? ही रांग तुमच्या दारात नेऊन लावू का? का हुकाला हुडहुडी भरली साहेब? स्वेटर आणा त्याला."

ट्रॅक्टरवाले हसले. पुढची ट्रॉली क्रेनखाली लागली. आप्पा वर चढला, हुक खाली आला, कड्या घातल्या. आणि साहेब, जे कधी बसची पायरीसुद्धा घाईने चढले नाहीत, ते ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन वर चढले आणि उसावर, हुकाच्या बरोबर खाली, मांडी घालून बसले.

माणूस बसलेला असताना मोळी उचलता येत नाही. मुकादम ओरडला. आप्पा म्हणाला, "साहेब, उतरा, ही चेष्टेची जागा नाय." साहेब म्हणाले, "ऊन आलं की उतरतो." मागचे ट्रॅक्टर भोंगे वाजवायला लागले. कोणी आईवरून, कोणी बापावरून. एकजण म्हणाला, "दाताखाली ऊस द्या त्याला, म्हंजी बसंल निवांत." आप्पा माझ्याकडे बघून म्हणाला, "दाजी, माणूस उतरवा तुमचा. माझी नोकरी घालवता का?"

मी उतरवायला पाहिजे होतं का? मी खाली उभा होतो.

मग क्रेनवाल्याने साहेबांना भीती दाखवायची म्हणून दोर हळूहळू ओढायला सुरुवात केली. साखळ्या ताणल्या. ऊस करकरला. साहेबांच्या खालची मोळी हलली, ते एका हाताने साखळीला धरून बसले आणि वर बघून मोठ्याने म्हणाले, "शाबास. असंच. इतकंच सावकाश."

ते खरंच खूश झाले होते. पण क्रेनवाल्याला वाटलं, चेष्टा करतात. त्याने शिवी दिली आणि दोर सगळा सैल सोडला. साखळ्या साहेबांच्या मांडीवर लोळल्या.

यार्डात एकदम सगळं गप्प झालं. भोंगेसुद्धा. कारण दोर एवढा सैल तो एकाच कामासाठी सोडायचा, हे तिथल्या बैलांनाही माहीत होतं. साहेबांनाही कळलं. त्यांनी मान वर केली आणि हुकाकडे बघत राहिले. उतरले नाहीत. त्या हुकात काय आहे हे त्या यार्डात फक्त त्यांनीच बघितलं होतं.

आप्पा बाजूच्या ट्रॉलीवर होता. त्याने क्रेनवाल्याच्या हाताकडे बघितलं. मग एक घाणेरडी शिवी दिली, कोणाला ते अजून मला कळलं नाही, आणि उडी मारून साहेबांच्या शेजारी येऊन बसला.

"दे," तो वर बघून म्हणाला. "आता दे हिसका."

क्रेनवाल्याने हात काढून घेतला. केबिनमधून खाली थुंकला आणि विडी पेटवली.

ऊन पडायला बराच वेळ लागला. ते दोघं उसावर बसून होते. मी खाली, चाकाला टेकून. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"साहेब, खरं सांगा. तुटंल का ह्यो?"

"माहीत नाही."

"मंग?"

"आज कदाचित नाही तुटणार. एखाद्या सकाळी."

"कोणत्या?"

"तेच तर. चांगला हुक तुटायच्या आधी उघडतो, तोंड वासतो. तुला दिसतं, तू काढून टाकतोस. हा तसा नाही. हा काही सांगणार नाही."

आप्पाने वर हुकाकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमाला भ्या नाय वाटलं?"

"वाटलं ना," साहेब म्हणाले. "अजून वाटतंय. पायाला मुंग्याही आल्यात."

ऊन आलं. साहेब उतरले, आप्पाने त्यांचा हात धरून उतरवलं. क्रेनवाल्याने मुद्दाम जोरात हिसका दिला. मोळी वर गेली. हुकाला काही झालं नाही. यार्डात असा हशा पिकला की बैल बुजले. कोणीतरी साहेबांच्या हातावर हलवा ठेवला, म्हणाला, "तिळगूळ घ्या साहेब, गोड बोला." साहेबांनी खाल्ला. मुकादमाने तोवर आमच्या शेठना फोन लावला होता. साहेबांना ऑफिसात बोलावलं. बाहेर आले तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता. "चला पाटील," म्हणाले. "मला उद्यापासून यायचं नाही. तुम्ही उद्या दुपारपाळीला जा, मी तुमचं सांगितलंय."

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. बायकोने विचारलं, "तुटला?"

"नाही."

"मग उद्या?"

"उद्याही थंडी आहे."

तिने त्यांना तिळगूळ दिला, पाया पडली. मी तिला कोणाच्या सहजासहजी पाया पडताना बघितलं नव्हतं.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी शेवटपर्यंत जीव टांगून ठेवायला नको. तो हुक त्या हंगामात तुटला नाही. पुढच्या हंगामाआधी उतरवला, कोणी सांगितलं म्हणून उतरवला ते मला माहीत नाही. आप्पा आजही आहे, नातवंडं खेळवतो. हुक तुटला नाही म्हणून आमच्या कारखान्यात साहेबांना वेडा ठरवलं. मी कोणाशी भांडलो नाही. ते दोन तुकडे ज्याने हातात घेऊन बघितले नाहीत त्याच्याशी काय भांडायचं.

दुसऱ्या दिवशी कर होती. संक्रांतीनंतरची कर, त्या दिवशी आमच्याकडे नवं काही सुरू करत नाहीत, कोणी मजुरीलाही जात नाही. बायकोने तरी मला उठवलं. म्हणाली, ते एकटे जातील. स्टँडवर गेलो तर साहेब पहिल्या एसटीत खिडकीशी बसलेले.

यार्डाच्या गेटवर वॉचमनने अडवलं. "तुमाला आत सोडायचं नाय, वरून हुकूम हाय." आतमध्ये पहिली ट्रॉली क्रेनखाली लागत होती. साहेब गेटचे गज धरून उभे राहिले. मग मागे वळले. रस्त्यापलीकडे द्राक्षबाग होती. सगळ्या बागेवर धूर साचला होता. एक शेतकरी आणि त्याची बायको ओळींमधून वाकून शेकोट्या पेटवत चालले होते.

साहेब रस्ता ओलांडून गेले. "हे कशासाठी?"

"थंडी हाय ना," शेतकरी म्हणाला. "मणी तडकत्यात. ऊब दिली तर वाचत्यात."

साहेब मोठ्याने हसले. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "मला एक घमेलं विस्तव द्या."

घमेलं भरून घेऊन आम्ही गेटवर आलो. वॉचमन म्हणाला, "सांगितलं ना, आत नाय सोडायचं."

"मला नका सोडू. एवढं आत द्या. आप्पाला द्या."

वॉचमनने विचार केला. "माणसाचं बोलल्यात," म्हणाला. "इस्तवाचं काय बोलले नाय." त्याने आप्पाला हाक मारली.

आप्पा गेटपर्यंत आला. मागे सगळं यार्ड बघत होतं. क्रेनवाला वरून म्हणाला, "काय रं, हुकाची बाळंतीण केली का? शेक देतो का?" परत हशा. आप्पाने साहेबांकडे बघितलं, मग घमेल्याकडे. मफलर काढून हाताला गुंडाळला आणि घमेलं उचललं.

"तू वर गप बस," तो क्रेनवाल्याला म्हणाला. "मी हात केल्याबिगर उचलायचं नाय. आणि उचलायचं ते सावकाश."

तो ट्रॉलीवर चढला आणि विस्तव हुकाखाली धरून उभा राहिला. पहिल्या ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवला. आप्पा हलला नाही.

मला वाटलं साहेब मोळी उचलेपर्यंत थांबतील. नाही थांबले. रस्ता ओलांडून पुन्हा बागेत गेले.

"उद्याही लागेल," शेतकऱ्याला म्हणाले. "थंडी जाईपर्यंत रोज लागेल."

"न्या की," शेतकरी म्हणाला. "इस्तवाला कुठं तोटा हाय? तोटा माणसांचा. आज कर, एक मजूर आला नाय. ती खालची आख्खी पट्टी ऱ्हायलीय बघा."

साहेबांनी कोट काढून लाकडी खांबाला अडकवला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. वाळक्या काटक्यांचा भारा काखेत मारला आणि खालच्या पट्टीत जाऊन उकिडवे बसले. पहिली काडी वाऱ्याने विझली. दुसरी त्यांनी ओंजळीत धरली.

मला दुपारपाळीला जायचं होतं. एसटी आली तेव्हा मी मागे बघितलं. ते दुसऱ्या ओळीला लागले होते.